मधली सात वर्षं

पोस्ट लांब आहे. टेनिस बघत नसाल तरी वाचा, कारण मुद्दा टेनिसपुरता नाही.

मार्टोन फुचोविच. हंगेरीचा टेनिसपटू. जन्म ८ फेब्रुवारी १९९२. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही. त्याने ग्रँड स्लॅम जिंकलेलं नाही. पहिल्या दहात तो कधी नव्हता. जागतिक क्रमवारीतला त्याचा सर्वोत्तम क्रमांक ३१, तोही मार्च २०१९ मधला. पण व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य प्रत्यक्षात कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल, तर जोकोविच किंवा अल्काराझपेक्षा या माणसाची कारकीर्द जास्त कामाची आहे. जोकोविच एका पिढीत एखादाच होतो. फुचोविचच्या वाटेने चालणारे शेकडो असतात, आणि त्यातले बहुतेक त्याच्याएवढेही पुढे पोहोचत नाहीत.

हंगेरीच्या पूर्वेला, युक्रेनच्या सीमेच्या बाजूला न्यिरेजहाझा नावाचं शहर आहे. वस्ती लाखाच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढं. फुचोविच तिथला. २००९ मध्ये त्याने तैवानच्या जोडीदारासोबत अमेरिकन ओपनचं ज्युनियर दुहेरी जिंकलं. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, विम्बल्डनचं ज्युनियर एकेरी विजेतेपद मिळवलं. फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेंजामिन मिचेलला ६-४, ६-४ असं हरवलं. ज्युनियर क्रमवारीत तो जगात पहिला झाला. वय अठरा.

अठराव्या वर्षी जगात पहिला! आपल्याकडे असं काही झालं असतं तर काय काय झालं असतं ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. चौकात होर्डिंग, उघडी जीप, गुलाल, पालकमंत्र्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ. यात चूक काही नाही. पोराने मोठं काम केलंय, कौतुक व्हायलाच हवं.

पण आता पुढची तारीख बघा. पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत फुचोविच पहिल्या शंभरात पहिल्यांदा पोहोचला तो २०१७ मध्ये. म्हणजे सात वर्षांनी.

या सात वर्षांबद्दल फारसं काही लिहिलेलं सापडत नाही. कारण तिथे बातमी नसते. तिथे चॅलेंजर आणि त्याच्याही खालच्या फ्युचर्स स्पर्धा असतात. रिकाम्या खुर्च्यांसमोरच्या मॅचेस असतात. पात्रता फेरी, पहिली फेरी, हरलास की बॅग भर आणि पुढच्या गावाला नीघ. तिकीट आपलं, हॉटेल आपलं, प्रशिक्षक सोबत न्यायचा तर त्याचं तिकीट आणि हॉटेलही आपलंच. खालच्या स्पर्धांमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला जे मिळतं त्यात प्रवासाचा खर्चही निघत नाही.

टेनिसमध्ये पगार नसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. क्रिकेटमध्ये रणजी खेळणाऱ्याला सामन्याची फी मिळते. फुटबॉलपटूला क्लबचा करार असतो. दुखापत झाली तरी करार संपेपर्यंत पैसे येतात. टेनिसपटू मात्र एका माणसाचं दुकान आहे. दुकान उघडलं तर गल्ला, आणि गुडघा दुखावला म्हणून सहा महिने शटर खाली, तर सहा महिने शून्य. २०१८ मध्ये टेनिसमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने स्पष्ट लिहिलं होतं की जगात व्यावसायिक म्हणवणारे खेळाडू पंधरा हजारांच्या आसपास आहेत, पण ज्यांचा खर्च कमाईतून भागतो असे जेमतेम अडीचशे ते साडेतीनशे. तेही प्रशिक्षकाचा खर्च न धरता. आणि ही आकडेवारी मॅच फिक्सिंगच्या चौकशीत आली, हेही ध्यानात घ्या. रिकाम्या खिशाचा खेळाडू सट्टेबाजाला सापडतो, हे समितीला वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या २०१० च्या फायनलमधला दुसरा मुलगा, बेंजामिन मिचेल, एकेरीत पहिल्या शंभरात कधीच पोहोचला नाही. पुढच्या वर्षीचा विम्बल्डन ज्युनियर विजेता ल्यूक सॅव्हिल, तोही एकेरीत शंभराच्या आत आला नाही. दुहेरीकडे वळला आणि तिथे बरंच काही केलं. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या ज्युनियर स्पर्धेची फायनल खेळलात, तरी पुढची भाकरी पक्की नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर युकी भांब्री. तोही १९९२ चाच. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता, तोही ज्युनियर क्रमवारीत जगात पहिला. एकेरीतला सर्वोत्तम क्रमांक ८३, एप्रिल २०१८. मग गुडघ्याने घात केला, दोनेक वर्षं कोर्टाबाहेर गेली, आणि परत आला तो दुहेरीचा खेळाडू म्हणून. २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या दुहेरीची उपांत्य फेरी गाठली. एकाच वर्षी जन्मलेली, एकाच उंचीवरून सुरुवात केलेली दोन पोरं. एकाचं शरीर टिकलं, एकाचं नाही. यात जिद्द कमी-जास्त होती असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आता फुचोविचचे चांगले दिवस. ते भराभर सांगता येतात, चांगले दिवस असेच असतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये बुडापेस्टला डेव्हिस कपमध्ये हंगेरीने रशियाला हरवलं आणि दोन दशकांनंतर हंगेरी जागतिक गटात गेली. त्या विजयात मोठा वाटा याचा. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या चौथ्या फेरीत, तिथे फेडररने थांबवलं. मे २०१८ मध्ये जिनिव्हाला एटीपी विजेतेपद. वाटेत वावरिंकाला त्याच्याच देशात हरवलं. हंगेरीच्या पुरुष खेळाडूने एटीपी एकेरी जिंकल्याला तेव्हा ३६ वर्षं झाली होती. आधीचा होता बलाझ तारोत्सी, १९८२. मार्च २०१९ मध्ये ३१ वा क्रमांक. २०२० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुन्हा चौथी फेरी, पुन्हा समोर फेडरर, या वेळी पहिला सेट जिंकला आणि मॅच गेली. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या पहिल्याच फेरीत चौथ्या मानांकित मेदवेदेवला घरी पाठवलं.

आणि मग २०२१ चं विम्बल्डन. त्या वर्षी रशियाचा रुब्लेव याच्या मानगुटीवर बसला होता. रॉटरडॅमला पात्रता फेरीतून येऊन फुचोविच फायनलपर्यंत गेला, तर तिथे रुब्लेव. नंतरही गाठ पडली की रुब्लेवच जिंकायचा. विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत पुन्हा तोच समोर आला. पाच सेट चालले. ६-३, ४-६, ४-६, ६-०, ६-३. या वेळी फुचोविच जिंकला. त्याआधी पहिल्या फेरीत सिनरला आणि तिसऱ्या फेरीत श्वार्ट्झमनला हरवून तो इथवर आला होता. हंगेरीचा पुरुष खेळाडू विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला तो १९४८ नंतर पहिल्यांदा. १९४८ मध्ये योझेफ अशबोत होता, ज्याने आदल्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकलं होतं. मधल्या ७३ वर्षांत कुणी नाही.

उपांत्यपूर्व फेरीत जोकोविचने सरळ तीन सेटमध्ये हरवलं. त्या रात्री मी डेस्कवर होतो. एजन्सीची बातमी आली, ती आमच्या पानावर चार ओळींत बसली: 'जोकोविच उपांत्य फेरीत'. फुचोविचचं नाव तिसऱ्या ओळीत, 'हंगेरीच्या बिगरमानांकित खेळाडूचा पराभव करून'. बातमीत चूक काहीच नव्हती. जगभरच्या बहुतेक पानांवर ती अशीच लागली असेल. पण ७३ वर्षांची गोष्ट 'पराभव करून' या दोन शब्दांत मावली, हे तेव्हापासून डोक्यात राहिलं.

आता खरी गंमत पुढे आहे, आणि ही पोस्ट लिहायचं कारणही तेच.

टेनिसची क्रमवारी ५२ आठवड्यांच्या हिशोबावर चालते. या वर्षी या आठवड्यात मिळवलेले गुण पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेच्या वेळी पुसले जातात. पुन्हा तेवढेच मिळवा, नाहीतर खाली या. बचत नावाची गोष्ट नाही. विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी म्हणजे तेव्हा ३६० गुण होते. फुचोविचसारख्या खेळाडूच्या वर्षभराच्या कमाईतला हा मोठा हिस्सा. २०२२ मध्ये त्याला हे गुण राखायचे होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. विम्बल्डनच्या आयोजकांनी रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंवर बंदी घातली. त्यावर एटीपी आणि डब्ल्यूटीए या संघटनांनी त्या वर्षीच्या विम्बल्डनचे सगळे गुणच रद्द केले. म्हणजे आदल्या वर्षीचे गुण जाणार, आणि या वर्षी कितीही चांगला खेळ केलात तरी एकही गुण मिळणार नाही. कोण बरोबर, कोण चूक, या वादात मी पडत नाही. पण फटका कुणाला किती बसला ते बघा. जोकोविचने २०२२ चं विम्बल्डन जिंकलं, एक गुण मिळाला नाही, तो तिसऱ्यावरून सातव्या क्रमांकावर आला. त्याला काय फरक पडतो? सातवा असला तरी प्रत्येक स्पर्धेचं दार उघडंच आहे. फुचोविचसारख्याचे ३६० गुण गेले की तो जगाच्या दुसऱ्याच मजल्यावर जातो.

कारण ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात. त्यातले १०४ क्रमवारीवर थेट येतात. ही रेषा फार महत्त्वाची. तिच्या आत असाल तर पहिल्या फेरीत हरलात तरी पैसे मिळतात. २०२१ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ४८ हजार पौंड होते. वर्षात अशा चार स्पर्धा. प्रशिक्षक, फिजिओ, प्रवास, सगळं त्यातून निघतं. रेषेबाहेर असाल तर पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मग आत यायचं. ९० वा आणि १३० वा खेळाडू यांच्या खेळात फार थोडा फरक असतो. त्यांच्या बँक खात्यात मात्र जमीन-अस्मानाचा असतो.

ज्या शहरातून फुचोविच आला, त्याच जिल्ह्यात झाहोनी नावाचं सीमेवरचं रेल्वे स्टेशन आहे. २०२२ च्या वसंतात युक्रेनमधून पळालेली बायका-पोरं तिथेच उतरत होती. त्यांच्या दुःखापुढे टेनिसचे गुण म्हणजे काहीच नाही, हे मान्यच. पण युद्धाचा हिशोब किती लांबवर आणि कुणाकुणाच्या वहीत लिहिला जातो, याचं हे एक छोटं उदाहरण.

तिशी ओलांडलेली, क्रमवारी घसरलेली. या वयात बरेच जण थांबतात. फुचोविच पुन्हा खालच्या स्पर्धांमध्ये गेला. जे त्याने विसाव्या वर्षी केलं तेच तिशीत पुन्हा. एप्रिल २०२४ मध्ये त्याने बुखारेस्टला एटीपी विजेतेपद जिंकलं, जिनिव्हानंतर सहा वर्षांनी. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत विन्स्टन-सेलमला तिसरं. वय ३३.

आता यावर कुणी 'हार मानू नका' छाप व्हॉट्सॲप मेसेज करेल. कृपा करून करू नका. कारण त्याच देशातली दुसरी गोष्ट आहे आग्नेश सावाईची. २००५ ची फ्रेंच ओपन ज्युनियर विजेती. २००७ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत. एप्रिल २००८ मध्ये जगात तेरावी. २००९ च्या फ्रेंच ओपनमध्ये व्हीनस विल्यम्सला ६-०, ६-४ हरवलं. मग पाठीचं दुखणं. परत येण्याची धडपड, पुन्हा दुखणं. फेब्रुवारी २०१३ मध्ये २४ व्या वर्षी निवृत्ती. तिच्यात जिद्द नव्हती? फुचोविच टिकला तो मेहनतीने, यात शंका नाही. पण मेहनत करणारे सगळेच टिकत नाहीत, आणि जे गळतात त्यांच्या माथी 'कमी पडला' असा शिक्का मारायला आपण मोकळे असतो.

म्हणून प्रश्न खेळाडूच्या जिद्दीचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. मधल्या वर्षांचा खर्च कोण करणार?

हंगेरीत २०११ पासून एक योजना आली. कंपन्यांनी आपल्या कराचा काही भाग क्रीडा क्लबना द्यायचा आणि त्याची करात सूट घ्यायची. पण कोणत्या खेळांना? फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल, वॉटरपोलो, आइस हॉकी, नंतर व्हॉलीबॉल. सगळे सांघिक. स्टेडियम भराभर उभी राहिली. तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान जिथे वाढले त्या फेलचूत गावात २०१४ मध्ये झालेल्या फुटबॉल मैदानात गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त खुर्च्या आहेत. टेनिसला सरकारी मदत अजिबात नाही असं मी म्हणत नाही, पण या करसवलतीच्या यादीत टेनिस नव्हतं. सरकार कुठलंही असो, दिसणाऱ्या गोष्टीवर पैसा लवकर निघतो. स्टेडियम दिसतं, त्याचं उद्घाटन करता येतं. चॅलेंजरच्या पहिल्या फेरीचं उद्घाटन कसं करणार?

बुडापेस्टला २०१७ पासून एटीपी स्पर्धा व्हायची. घरच्या स्पर्धेचा मोठा फायदा म्हणजे स्थानिक खेळाडूंना वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी नसतानाही थेट प्रवेश. तीन वर्षं झाली, २०२० ची कोविडमुळे रद्द झाली, नंतर स्पर्धेचा हक्क बेलग्रेडला गेला. ओळखीचं वाटतंय? आपल्या पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ टाटा ओपन महाराष्ट्र व्हायची, मधलं २०२१ चं वर्ष वगळता. दक्षिण आशियातली एकमेव एटीपी स्पर्धा. तीही गेली. स्पर्धा आली तेव्हा बातमी मोठी होती, गेली तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. आणि त्याच २०२३ मध्ये देशाचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सुमित नागल जाहीरपणे सांगत होता की खात्यात फक्त नऊशे युरो उरलेत. चारच महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवलं आणि देशभर जल्लोष झाला. नऊशे युरोच्या वेळी त्याने खेळणं सोडलं असतं, तर तो जल्लोष कुठून आला असता?

एक बरी गोष्ट घडली आहे. एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. २०२४ मध्ये पहिल्या शंभरातल्यांना वर्षाला तीन लाख डॉलर होते, १०१ ते १७५ पर्यंत दीड लाख, १७६ ते २५० पर्यंत पंच्याहत्तर हजार. बक्षिसातून तेवढे झाले नाहीत तर फरक संघटना भरून देणार. फुचोविचच्या त्या सात वर्षांत असं काही नव्हतं. ही योजना अपुरी आहे, २५१ वा खेळाडू अजून वाऱ्यावरच आहे. पण तत्त्व महत्त्वाचं आहे: विजयाचं बक्षीस वेगळं आणि तग धरायला दिलेली रक्कम वेगळी. आपल्याकडच्या क्रीडा धोरणात पहिल्याची चर्चा फार होते, दुसऱ्याची फार कमी. पदक आलं की कोटी जाहीर होतात. ते द्याच. पण पदकाच्या आधीच्या वर्षांत त्या पोराच्या बुटांचे पैसे कोण देत होतं, हेही विचारा.

फुचोविचमुळे हंगेरीत काय झालं, तेही सांगतो. मे २०२३ मध्ये रोमला फाबियान मारोझान नावाचा हंगेरियन पोरगा पात्रता फेरीतून आला. क्रमवारी १३५. त्याने अल्काराझला सरळ सेटमध्ये हरवलं. एक कोटीपेक्षा कमी लोकसंख्येच्या देशात एक माणूस दहा-बारा वर्षं टिकून राहिला, की मागच्यांना निदान वाट आहे हे तरी दिसतं. पण त्याच देशाचा झोम्बोर पिरोश २०१७ चा ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनियर विजेता, आणि त्याचीही पुढची कित्येक वर्षं चॅलेंजर स्पर्धांतच गेली. वाट आहे, पण तशीच लांब आहे.

आमच्या कचेरीत दर महिन्याला कुणी ना कुणी बाप आपल्या पोराचा फोटो घेऊन येतो. जिल्ह्यात पहिला, विभागात दुसरा. कधी टेनिस, कधी कुस्ती, कधी धनुर्विद्या. बातमी लावा म्हणतो. आम्ही लावतो. बाप निघताना हमखास विचारतो, "साहेब, पुढं काय करायचं?" कर्ज काढून पोराला पुण्याला पाठवू का, असं त्याला विचारायचं असतं. याचं उत्तर वार्ताहराने द्यायचं नसतं, आणि ज्यांनी द्यायचं ते फक्त सत्काराला येतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तुमच्या गावात, तालुक्यात तीन-चार वर्षांपूर्वी ज्या पोराचा सत्कार झाला, ज्या पोरीचं होर्डिंग लागलं, ती आज कुठे आहेत ते शोधा. खेळतायत का? कशावर खेळतायत? सोडलं असेल तर का सोडलं? कमेंटमध्ये लिहा, पोरांची नावं नको, खेळ आणि तालुका एवढंच पुरे. यादी जमली तर ती घेऊन जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपर्यंत आणि लोकप्रतिनिधींपर्यंत मी जातो. सत्काराला कोण आलं होतं, त्याचे फोटो आमच्याकडे आहेतच.